शांता आपटे 'पार्श्वगायिका' नव्हत्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या चित्रपटसंगीतावर लेख होता. त्यात शांता आपटे यांच्या वाट्याला अडीच ओळी आल्या. दीड ओळ 'प्रभात' फिल्म कंपनीच्या फाटकावरच्या उपोषणाची आणि उरलेल्या ओळीत 'सुप्रसिद्ध पार्श्वगायिका' एवढंच. उपोषण १९३९ साली झालंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पार्श्वगायिका? ज्या बाई पडद्यावर समोर उभ्या राहून स्वतःच्याच गळ्यानं गायल्या, त्यांना पडद्यामागे का बसवता?

मी रेल्वेत बुकिंग क्लार्क होतो. ऐंशीच्या दशकात तीन वर्षं दुधनीला काढली. अक्कलकोट तालुक्यातलं हे कर्नाटकाला चिकटलेलं गाव. खिडकीवर निम्मे लोक कानडीतच तिकीट मागायचे. बदलीची ऑर्डर आली तेव्हा आई म्हणाली, "अरे, शांता आपटेंचं गाव ते!" १९१६ साली त्या तिथं जन्मल्या. मी स्टेशनात, बाजारात चार जुन्या माणसांकडे चौकशी केली. एकानं विचारलं, "कुठल्या आपटे? पोस्टातल्या?" विषय तिथंच मिटला.

आईनं तेराव्या वर्षी शेजारच्या बायकांबरोबर सोलापुरात 'कुंकू' पाहिला होता. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून शांतारामबापूंनी १९३७ साली काढलेला. नीरा म्हणजे शांताबाई, आणि ज्याच्या गळ्यात तिला बांधतात तो म्हातारा वकील केशवराव दाते. ती हे लग्न मानायलाच तयार नाही. संगीत केशवराव भोळे यांचं. त्यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ टाळलंच, आवाज ठेवले ते घरातले आणि रस्त्यावरचे. म्हणून त्या चित्रपटात गाणं सुरू झालं की ते कुणाच्या तरी तोंडूनच येतं, हवेतून येत नाही. आता 'कुंकू' म्हटलं की लोकांना भिकाऱ्याचं काम केलेल्या परशुराम या नटाचं गाणं तेवढं आठवतं. गाणं गोडच आहे, पण चित्रपट नीरेचा आहे.

या नीरेच्या तोंडी अमेरिकन कवी लाँगफेलोची एक इंग्रजी कविता आहे, शांताबाई ती चालीत म्हणतात. माझी आई मराठी चौथी शिकलेली. तांदूळ निवडताना ती ही कविता म्हणायची. शब्दांचा पार भुगा, चाल मात्र पक्की. पुढे आठवीत सरांनी तीच कविता शिकवायला घेतली तेव्हा मी ती चालीवरच म्हणू लागलो आणि वर्ग हसला. माझे वडील आईपेक्षा चौदा वर्षांनी मोठे होते. आई त्याबद्दल कधीच काही बोलली नाही.

शांताबाईंचं शिक्षण पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात झालं. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये त्या राधा झाल्या, कृष्ण शाहू मोडक. बोलपट येऊन जेमतेम वर्ष झालेलं. नटाला गाता येत नसेल तर काम मिळणं कठीण, कारण वाजवणारे चौकटीबाहेर दडवून गाणं कॅमेऱ्यासमोरच घ्यावं लागे. 'श्यामसुंदर' मुंबईत पंचवीस आठवडे चालला. मग 'प्रभात'मध्ये 'अमृतमंथन', 'अमरज्योती', 'कुंकू', 'गोपालकृष्ण'. 'अमृतमंथन' आणि 'कुंकू' मराठीत आणि हिंदीत वेगवेगळे काढले, म्हणजे अभिनयही दोनदा आणि गाणंही दोनदा.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या गाण्याच्या ढंगाबद्दल. त्या काळचे बरेच नट रंगभूमीच्या सवयीनं एका जागी खिळून गात, नजर समोर, हात बाजूला. शांताबाईंचे डोळे, मान, बोटं तालाबरोबर चालत. गाता गाता त्या कुणाला तरी काहीतरी सांगत असल्यासारखं वाटे. आई याला 'अंगानं गाणं' म्हणायची. यात पार्श्व कुठं आलं?

ते उपोषण 'प्रभात'शी करारावरून झालेल्या भांडणातून आलं, पण त्या भांडणानंतर त्या घरी बसल्या नाहीत. १९४० साली 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक त्यांनी स्वतः लिहून काढलं. १९४१ साली तमिळ 'सावित्री' केला. त्यासाठी तमिळ शिकल्या आणि त्या भाषेत गायल्या. त्यात नारद कोण होतं, तर कर्नाटक संगीतातल्या थोर गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी! हे मला फार उशिरा कळलं, तोवर आई गेली होती. तिला सांगायला हवं होतं.

पुढे चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा हा रिवाज पडला, आणि दोन्ही स्वतःचं असलेल्या माणसांचा बाजार आटला. चाळीसच्या दशकातलं त्यांचं काम मी फारसं पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी त्या गेल्या. अठ्ठेचाळिशीही गाठली नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर 'गायिका-अभिनेत्री' असं छापा. दोनच ओळी दिल्यात तरी चालेल. त्यात उपोषण तेवढं पुन्हा नको.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, सोलापूर