वरच्या मजल्यावरच्या आजींच्या सिस्टरना, बाबांच्या बोटांसाठी

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही कारण तुम्हीच नको म्हणालात, पण आमच्या बिल्डिंगमधे सगळ्यांना माहितीये की आजींच्या पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग करायला एक दिवसाआड सकाळी कोण येतं. आणि तुम्ही जिन्यात भेटल्यावर "अहो त्यात काय" म्हणून स्कूटीला किक मारून निघून जाता, मला नीट आभार मानूच देत नाही, म्हणून म्हटलं सगळ्यांसमोर लिहूनच टाकते. लांबेल जरा, पण ज्यांच्या घरी कुणाची अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी झालीये त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

बाबा ६८ वर्षांचे, बीपी आहे, तंबाखू चाळीस वर्षांची. नोव्हेंबरमधे छातीत दुखलं, जांघेतून वायर घालून अँजिओप्लास्टी केली (हृदयाची तुंबलेली धमनी उघडली), ती उघडी राहावी म्हणून एक स्टेंट बसला, चौथ्या दिवशी घरी आले, सगळं छान. पुढे साधारण तीन आठवड्यांनी उजव्या पायाची बोटं ठणकायला लागली. दुसरं, चौथं आणि करंगळी. दिवसा कमी आणि रात्री पांघरूण लागलं तरी कळवळायचे. आम्हाला वाटलं नवीन चप्पल चावली असेल. सांगलीत तेव्हा थंडीही बऱ्यापैकी होती त्यामुळे आईने तेल गरम करून चोळलं, मी रोज रात्री मीठ घालून गरम पाण्याच्या बादलीत पाय ठेवायला लावले. दहा दिवस. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

डॉक्टरांना दाखवलं नाही असं नाही, दोन ठिकाणी दाखवलं. एकीकडे युरिक ॲसिड थोडं वाढलेलं निघालं म्हणून गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांध्यांची सूज) म्हणाले आणि दुखण्यावर डायक्लोफिनॅकच्या गोळ्या दिल्या. दुसरीकडे पायाची नाडी बघितली, म्हणाले नाडी उत्तम लागतेय, रक्तपुरवठ्याचा काही प्रश्न नाही, हे फंगल दिसतंय, मलम लावा. रक्ताच्या रिपोर्टमधे इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले होते तर ते ॲलर्जीचे किंवा जंतांचे असतील म्हणून जंताची गोळीही झाली. दोघांचीही नावं मला घ्यायची नाहीत, आणि राग आता ओसरलाय, पण तेव्हा कुणी एकदाही विचारलं नाही की गेल्या महिन्या-दोन महिन्यात काही प्रोसिजर झालीये का. आणि आम्हालाही ते सांगायचं सुचलं नाही, हार्टचा आणि पायाच्या बोटाचा काय संबंध!

मग तो शनिवार. आजींचं ड्रेसिंग आटपून तुम्ही खाली उतरत होतात, आमचं दार उघडं होतं, आणि बाबा खुर्चीवर बसून पाय दाबत कण्हत होते. तुम्ही विचारलंत, "काका, काय होतंय?" मी मोबाईलवर काढलेला फोटो दाखवायला गेले तर तुम्ही फोटोकडे बघितलंही नाही. म्हणालात, "मोजा काढा आणि काकांना खिडकीपाशी बसवा, ट्यूबलाईटमधे काही कळत नाही."

ते पुढचं पाच मिनिटांचं मला जसंच्या तसं आठवतंय. तुम्ही फरशीवर बसलात, बाबांची टाच स्वतःच्या मांडीवर घेतलीत (ते बिचारे संकोचून पाय मागे घेत होते) आणि आधी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून नुसतं बघत राहिलात. बाबा सावळे, त्यामुळे वरून बोटं फक्त जरा काळपट वाटत होती, पण तुम्ही पाऊल उलटं केलंत आणि उन्हात बोटांची खालची बाजू दिसली, जांभळं खाल्ल्यावर जीभ होते ना तसा रंग. करंगळीच्या टोकाला मुगाएवढा काळा ठिपका. आणि तळव्याच्या कडेने वर घोट्यापर्यंत जांभळट रेघांची जाळी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ती जाळी आम्ही कुणीच बघितली नव्हती, इतके दिवस तेल चोळूनसुद्धा! मग तुम्ही अंगठ्याने चौथं बोट दाबून धरलंत आणि सोडलंत, ते फिकट झालं आणि तुम्ही मोठ्याने मोजायला लागलात, एक, दोन, तीन, चार, पाच, तेव्हा कुठे रंग परत आला. डाव्या पायाचं तेच बोट तुम्ही दोन म्हणायच्या आत भरलं. मग पावलावर वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे, दोन्ही जागी नाडी बघितलीत.

मी म्हणाले, नाडी आहे ना सिस्टर, डॉक्टर म्हणाले सर्क्युलेशन ठीक आहे.

त्यावर तुम्ही जे बोललात ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. "नाडी आहे म्हणजे मोठा रस्ता चालू आहे. गल्लीबोळ बंद आहेत की नाही ते नाडीवर कळत नाही." आणि लगेच पुढचा प्रश्न, "काकांच्या अंगात कुठे वायर घातली होती का एवढ्यात?"

मी डॉक्टर नाही असं तुम्ही त्या पाच मिनिटांत तीन वेळा म्हणालात. पण कॅथलॅबच्या, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या विभागाच्या, वॉर्डात तुम्ही बरीच वर्षं काढलेली, असे दोन पेशंट डोळ्यासमोर बघितलेले. तुम्ही आजारांचं नाव घेऊन घाबरवलं नाहीत. फक्त चार गोष्टी सांगितल्यात, गरम पाणी आणि चोळणं आत्ताच्या आत्ता बंद, डायक्लोफिनॅक आजच डॉक्टरांना विचारून थांबवा कारण किडनीवर येऊ शकतं, स्टेंटच्या गोळ्या मात्र कुणी काहीही म्हणालं तरी मनाने बंद करायच्या नाहीत, आणि आजच क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी, आकडा वाढला म्हणजे किडनीचं काम कमी झालं) करून रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा, सोमवारची वाट बघू नका. शनिवार दुपार असून आम्ही गेलो ते फक्त तुमच्या आवाजामुळे. तुम्ही ओरडला नाहीत, पण "आजच" हा शब्द तुम्ही ज्या तऱ्हेने म्हणालात ना...

क्रिएटिनिन अँजिओप्लास्टीच्या आधी १.१ होतं, त्या दिवशी २.४ आलं.

सर्जननी पाय बघितला, जुने रिपोर्ट बघितले आणि म्हणाले हा ब्लू टो सिंड्रोम वाटतोय. मग कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयातून निघणारी जी मुख्य धमनी पोटात उतरते तिच्या आतल्या भिंतीवर वयाने, बीपीने, तंबाखूने कोलेस्टेरॉलचे थर साचलेले असतात. वायर आत फिरताना तिचा धक्का लागून कधीकधी त्या थराचा पापुद्रा निघतो आणि त्यातले कोलेस्टेरॉलचे बारीक टोकदार स्फटिक रक्ताबरोबर खाली वाहत जातात. मोठ्या नळ्यांतून ते सहज निघून जातात पण पार टोकाला, जिथे नळी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही बारीक होते, तिथे जाऊन अडकतात. म्हणून नाडी लागते आणि बोट मात्र जांभळं. नुसते अडकून थांबत नाहीत, शरीर त्यांच्याशी भांडायला लागतं, तिथे सूज येते आणि नळी आणखी बंद होत जाते, म्हणून प्रोसिजरनंतर कधी लगेच, कधी काही आठवड्यांनी हे दिसतं. तेच स्फटिक किडनीत जातात, आतड्यात जाऊ शकतात, डोळ्याच्या पडद्यावर चमकदार पिवळे कण दिसतात (बाबांचे डोळेही तपासले, तिथे काही नव्हतं). आणि ते इओसिनोफिल, ज्यावर आम्ही जंताची गोळी दिली, तेही ह्याचंच एक लक्षण असू शकतं. वायर न घालताही हे होतं म्हणे, आपोआप, किंवा रक्त पातळ करायची काही औषधं सुरू केल्यावर.

मी नंतर वाचलं की पनुम नावाच्या डॅनिश डॉक्टरने हे १८६२ सालीच लिहून ठेवलंय. इतकं जुनं, आणि तरी आमच्या घरात ते ओळखायला तुम्हाला जिना उतरून यावं लागलं.

सर्जननी एक मात्र बजावलं की बोट जांभळं म्हणजे दरवेळी हेच असं धरून चालायचं नाही. हृदयाचे ठोके अनियमित असले तर तिथली गुठळी येऊन अडकू शकते, विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण माणसांत बर्गर्स डिसीज (तंबाखूमुळे हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद होणं) असतो, रक्तातल्या प्लेटलेट फार वाढल्या तरी बोटं जळजळून लाल-निळी होतात, कुणाला नुसत्या थंडीने होतं. म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, प्लेटलेट बघितल्या, पोटाची सोनोग्राफी आणि पायाचा डॉप्लर (रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) करून कुठे धमनी फुगलीये का ते बघितलं. शिरेतून डाय (फोटोत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून देतात ते औषध) टाकून सीटी करायचा होता पण किडनीमुळे तो तूर्त टाळला. आणि हेही सांगितलं की अख्खा पाय एकदम गार पांढरा पडला, नाडीच लागेना, बोटं हलेनात, तर ते वेगळं आणि तिथे तासांचा हिशोब असतो, सरळ इमर्जन्सी गाठायची.

उपचार म्हणाल तर ते अडकलेले स्फटिक विरघळवणारं औषधच नाहीये, हे ऐकल्यावर आई तिथेच रडायला लागली. पण करण्यासारखं बरंच होतं. ॲटोर्वास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) ४० वरून ८० केली, म्हणजे धमनीतला तो थर घट्ट राहील, पुन्हा सुटणार नाही. स्टेंटच्या दोन्ही गोळ्या चालू. बीपी काटेकोर. तंबाखू बंद, आणि ह्यावेळी बाबांनी खरंच सोडली, पुडी स्वतः आणून आईच्या हातात दिली. दुखण्याला किडनीला चालतील अशी औषधं. पाय उबदार ठेवायचा पण शेक नाही, लोकरीचा सैल मोजा, बोटांच्या मधे कोरडं गॉज, पुढून उघडी मऊ सँडल. करंगळीचं टोक पुढे काळंच पडलं. माझा हात शिवशिवायचा, वाटायचं कापून टाकावं, स्वच्छ करावं, पण तुम्ही आजींकडे आलात की खाली डोकावायचात आणि दर वेळी तेच, "कोरडं आहे ना? वास नाही, पू नाही, लाली वर चढत नाही? मग हात लावू नका, ते त्याच्या वेळेने सुटेल." सुटलं. साडेतीन महिन्यांनी एका सकाळी मोज्यात ती काळी खपली निघाली, वाटाण्याएवढी, आणि खाली गुलाबी कातडी.

जाळी फिकट झाली, दुसरं आणि चौथं बोट पूर्ण बरं आहे. किडनी पहिल्यासारखी नाही झाली, क्रिएटिनिन १.७ वर येऊन थांबलंय, दर दोन महिन्यांनी बघावं लागतं. पण डायलिसिस लागलं नाही. नेफ्रोलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) म्हणाले अजून दोन आठवडे त्या दुखण्याच्या गोळ्या चालल्या असत्या तर सांगता आलं नसतं. दोन आठवडे! आम्ही तर महिनाभराच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या, ती अर्धी भरलेली स्ट्रिप अजून ड्रॉवरमधे आहे, का कोण जाणे मला टाकवत नाही.

सिस्टर, तुम्हाला थांबायची काही गरज नव्हती. तुमच्या पुढच्या घरी उशीर होत होता, दोनदा फोन वाजला तुमचा. तुमचा पेशंट वरच्या मजल्यावर होता, आमच्याकडून तुम्हाला कुणी एक रुपया देणार नव्हतं आणि मी दिला तेव्हा तुम्ही घेतला नाहीत. दोन डॉक्टरांनी सांगितल्यावर वेगळं बोलायला धाडस लागतं, आणि ते तुम्ही कुणालाही कमी न लेखता केलंत. मोठे निर्णय नंतर सर्जननी घेतले, त्यांचेही उपकार आहेतच. पण मोजा काढायला सांगितलंत ते तुम्ही.

बाबा आता रोज सकाळी त्याच खिडकीत बसतात आणि दोन्ही पाय उन्हात धरून बोट दाबून मोजतात, एक, दोन, तीन. हल्ली तीनवर रंग येतो. ते मनातलं फारसं बोलणारे नाहीत, पण परवा गावाहून हळदीची नवी पावडर आली तेव्हा त्यांनी एक किलोची पिशवी वेगळी बांधून त्यावर पेनाने "सिस्टर" लिहून ठेवलंय. मंगळवारी आजींचं ड्रेसिंग झालं की प्लीज आमची बेल वाजवा, आणि ह्यावेळी नाही म्हणू नका.

तुमची,
खालच्या मजल्यावरची