कोरल मिटलं म्हणून आयोडीन ओतू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या समुद्री टाक्यांवरचा लेख वाचला. फोटो छानच होते. पण मऊ कोरल (प्रवाळ) मिटून राहिलं तर रोज आयोडीनचे थेंब घालावेत, असा जो सल्ला त्यात दिला आहे, तिथे मी अडले. हाच सल्ला मला गेल्या मे महिन्यात एका दुकानात मिळाला होता आणि मी तो मुकाट्याने पाळलाही होता. त्यातून काय झालं ते आपल्या वाचकांना कळावं म्हणून हे पत्र.

टाकी खरं तर मुलाची. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि ही चार फुटी टाकी डोंबिवलीत आमच्याकडे राहून माझ्या गळ्यात पडली. मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत ३४ वर्षं सहायक होते. ब्युरेट-पिपेट धुण्यात हयात गेली, त्यामुळे पाण्याच्या चाचण्यांची धास्ती नव्हती. माशांपेक्षा मला कोरलंच आवडायला लागली. बशीएवढं, अळंबीसारखं एक लेदर, दगडावर गालिच्यासारखा पसरलेला ग्रीन स्टार, एक झेनिया आणि बटणांसारखी झोआ. लेदरच्या अंगावरचा एखादा पॉलिप, म्हणजे फुलासारखा इवलासा जीव, भिंगातून बघा. आठ बोटं दिसतात आणि प्रत्येक बोटाला पिसासारख्या बारीक कडा असतात. आठच, कमी नाहीत की जास्त नाहीत. खरं मऊ कोरल ते. झोआ आणि मशरूम नावाची कोरलं दुकानदार त्याच रांगेत मांडतात, पण त्यांची जात निराळी.

मे महिन्यात मी बारा दिवस रत्नागिरीला माहेरी गेले होते. आंब्याचे दिवस. आमचे हे घरीच राहिले. जाताना यांना सांगितलं, काचेवर खूण केली आहे, रोज तिथपर्यंत पाणी घाला. परत आले तर लेदर मिटलेल्या छत्रीसारखं उभं, अंगावर एक पॉलिप नाही, कातडी चकाकत होती. मला वाटलं, कात टाकतंय. लेदर तशी टाकतं. अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतं, आठ-पंधरा दिवस मिटून राहतं, मग पाण्याच्या झोतात तो पापुद्रा सुटून जातो. वेव्हमेकर, म्हणजे टाकीत झोत सोडणारा पंप, जरा त्याच्या दिशेला वळवला आणि वाट बघितली.

इथे मी फसले. कात टाकायची तर ती लेदर टाकेल. ग्रीन स्टार कशाला मिटेल? झोआ कशाला मिटतील? झेनियाची तर हातपाय गळाल्यासारखी गत झाली होती. एकच कोरल मिटलं असेल तर त्याच्यापुरतं कारण शोधावं. शेजारचं कोरल डसत असेल, मासा टोचत असेल, रात्री टॉर्च लावल्यावर अंगावर एखादी गोगलगाय सापडेल. पण वेगवेगळ्या जातीची सगळीच एका आठवड्यात मिटली, तर बिघाड पाण्यात असतो. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी दुकानात गेले. आयोडीनची बाटली आणली, आठवड्याने आणखी एक कसलीशी 'कोरल टॉनिक'ची. मोजमाप न करता आयोडीन घातलं. जास्त झालं तर ते विषच आहे, हे मला माहीत असायला हवं होतं. झेनिया त्यातच विरघळून गेलं. आयोडीनने की आधीच्या कारणाने, देव जाणे.

खारेपणा मी तपासला नव्हता असं नाही. प्लास्टिकच्या डबीतला, काटा हलणारा हायड्रोमीटर आहे. तो १.०२५ दाखवत होता, म्हणजे उत्तम. विसाव्या दिवशी पाणी बदलायला गेले तेव्हा निळ्या झाकणाचा ड्रम उचलला आणि तो सहज उचलला गेला! त्यात सॉल्ट मिक्स कालवून ठेवलेलं पन्नास लिटर पाणी होतं. आता जेमतेम तळाशी चौदा-पंधरा लिटर. पांढऱ्या झाकणाचा आरओच्या पाण्याचा ड्रम मात्र जसाच्या तसा भरलेला. यांना विचारलं. हे म्हणाले, "समुद्राची टाकी ना? मग खारंच घालायचं!" चूक यांची नाही. कुठल्या ड्रममधलं ते मी सांगितलंच नव्हतं.

हिशोब सोपा आहे. टाकीतून वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. मेमध्ये पाण्याचं तापमान उतरवायला मी वर पंखा लावते, त्याने रोज तीन लिटर उडतं. बारा दिवसांत छत्तीस लिटर. त्या जागी लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असलेलं पाणी गेलं, म्हणजे सव्वा किलोच्या वर मीठ दोनशे लिटरांत जादा पडलं. ३५ वरून खारेपणा ४१ च्या पुढे. मग तो हायड्रोमीटर काढून उन्हात धरला. काट्यावर क्षाराची पांढरी पुटं चढली होती. काटा जड झाला की तो खालीच राहतो, आकडा कमी दाखवतो. उपकरण आधी तपासा म्हणून मुलांच्या तीन पिढ्यांना ओरडले, आणि स्वतःच्या घरात ही तऱ्हा.

मुलाच्या कपाटात रिफ्रॅक्टोमीटर होता. थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून तो खारेपणा सांगतो. तोही नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, ३५ च्या द्रावणावर लावावा लागतो. ते विकत मिळतं. मी घरीच केलं. शुद्ध सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम, पाणी ९६३.५ ग्रॅम. या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ च्या समुद्राच्या पाण्याइतकाच येतो. मग टाकीचा थेंब ठेवला. ४१.

उतरवतानाही घाई केली नाही. रोज पाच लिटर खारं काढायचं, पाच लिटर आरओचं घालायचं, की दोनशे लिटरांत साधारण एक अंक उतरतो. सहा दिवस लागले. आठव्या दिवशी सकाळी ग्रीन स्टारचे हिरवे ठिपके बाहेर आले. लेदरला आणखी तीन आठवडे लागले. त्याच्या बुडाशी रुपयाएवढा भाग कुजून मऊ पडला होता, तो नव्या ब्लेडने कापून काढला. ते भरून आलं. ही मंडळी चिवट असतात.

आरओबद्दल एक सांगते. पिण्याच्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायचा स्क्रू असतो. आमच्या मशीनचं पाणी टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजतो तो) ६२ दाखवत होतं. टाकीसाठी ते शून्याजवळ हवं, म्हणून तिच्यासाठी मी वेगळी लाइन घेतली. शिवाय लेदर पाण्यात स्वतःचं रसायन सोडून शेजाऱ्यांना छळतं, त्यासाठी कार्बनची पिशवी महिन्याला बदलते. आणि तांबं असलेलं माशांचं औषध कोरलच्या टाकीत कधीच नाही. बाकी पाणी फार निर्मळ करायच्या नादाला लागू नये. नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर आणलं की मऊ कोरल उपाशी राहून फिकं पडतं.

आता लेखात जे आलंच नाही आणि यायला हवं होतं, ते. झोआ आणि त्यांच्या भाईबंद पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. हवाईतल्या शास्त्रज्ञांनी ते १९७१ मध्ये वेगळं काढलं. अलास्कात २०१२ ते २०१४ दरम्यान असे जीव हाताळल्यावर घरांत आणि दुकानात माणसं आजारी पडल्याची नोंद आहे. ते चिकटलेले दगड कधीही उकळू नयेत, गरम पाण्याने घासू नयेत. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. असेच बटणवाले जीव मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला उघडे पडतात आणि हौशी मंडळी ते स्क्रूड्रायव्हरने खरवडून आणतात. आणू नयेत. कठीण प्रवाळ तर २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. किनाऱ्यावर उभं राहून कुठलं मऊ, कुठलं कठीण हे ओळखणं आपल्याला जमेलच असं नाही.

पुढच्या रविवारी निदान हा विषाचा इशारा चौकटीत छापावा, ही विनंती.

निळ्या ड्रमवर आता यांच्याच अक्षरात 'खारं. हात लावू नये' असं लिहिलं आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, डोंबिवली (पूर्व)
(नाव छापू नये. दुकानदार ओळखीचा आहे.)