नानांना गिटार कोरडी लागली

सांगली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर देण्याचे किती दिवस राहून गेले, त्याबद्दल तू मनात जे काही बोलला असशील ते सारे मला पोहोचले आहे असे समज. आज तातडीने लिहायला बसलो याचे कारण असे की, परवाच्या तालमीत नाना हार्मोनियमवरून मान वर करून म्हणाले, "शरद, आज गिटार कोरडी लागतेय रे." हे वाक्य मी इथे ज्याला सांगितले त्याने "बरं, मग?" असेच विचारले. ज्या माणसाने आपल्या निळ्या कोरस पेडलला, एका गिटारच्या दोन-तीन गिटारी ऐकवणाऱ्या त्या पायपेटीला, वर्षानुवर्षे 'भुंगा' म्हटले आणि इस्लामपूरच्या कार्यक्रमात भर गाण्यात त्याची वायर उपसली, त्याच माणसाला आता भुंग्यावाचून चुकल्याचुकल्यासारखे होत आहे, यातली गंमत तुझ्याशिवाय कोणाला कळणार?

भुंगा गेला, दिलीप. तालमीच्या आदल्या दिवशी दिवा लागेना. दुरुस्ती करणाऱ्याने उघडून पाहिले आणि हात वर केले. डिसेंबरात सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या गाण्यांचा मोठा कार्यक्रम आहे आणि त्याआधी मला काहीतरी घ्यायलाच हवे. तब्येत ठीक आहे, साखर आटोक्यात आहे, तेव्हा तो विषय इथेच संपला.

तू लगेच म्हणशील की पुन्हा एक कोरस घे आणि मोकळा हो. तेवढे सोपे असते तर मी तुला पत्र लिहिले नसते. नानांनी या वेळी मेडली बांधल्या आहेत. एका गाण्याच्या अंतऱ्यातून दुसऱ्याच्या मुखड्यात शिरायला मला एका मात्रेचीही उसंत नाही. एका गाण्याला कोरस, पुढच्याला आवाज घुमवत नेणारा फेजर, मग एका संथ गाण्याला आवाज कमीजास्त करत थरथरवणारा ट्रेमोलो आणि शेवटी ऑर्गनच्या जागी फिरत्या लेस्ली स्पीकरचा भास, असे सगळे एका पाठोपाठ लागते. चार वेगळी पेडल मांडली तर एक बंद करून दुसरे चालू करताना पायांचा नाच होईल, आणि वेगाचे बटण फिरवायला खाली वाकलो की मागचा ढोलकीवाला हसेल. म्हणून सगळे मॉड्युलेशन, म्हणजे आवाज हलवणारे हे सगळे इफेक्ट, एकाच पेडलमध्ये असावे आणि प्रत्येक गाण्याची मांडणी आधीच साठवून ठेवता यावी, या निष्कर्षाला मी आलो आहे. तुझा 'एक गिटार, एक वायर, एक अ‍ॅम्प' हा धर्म मला पाठ आहे. तो या पत्रापुरता बाजूला ठेव.

समोर तीन पर्याय आहेत. बॉसचे एमडी-५०० हे २०१७ चे पेडल असून त्यात १२ मोड, त्यांत मिळून २८ प्रकार आणि २९७ पॅच, म्हणजे तयार मांडण्या, साठवण्याची सोय आहे. स्ट्रायमॉनचे मोबियस त्याहून जुने, २०१२ चे. त्यातही १२ प्रकार आणि २०० जागा. आणि तिसरे म्हणजे झूमचे ते चिमुकले एमएस-५०जी, ज्यात एका वेळी सहा इफेक्ट एकापुढे एक जोडता येतात, किंमत पहिल्या दोघांच्या मानाने किरकोळ आहे, पण पायाला बटण एकच. मेडलीत एका बटणावर सगळा संसार चालवणे मला जमणार नाही, म्हणून ते मनातून जवळजवळ उतरले आहे. दोनशे किंवा तीनशे जागांचे मला काय करायचे आहे, हा तुझा पुढचा प्रश्न रास्त आहे. मला फार तर दहा लागतील. दुकानदार मात्र जागांचा आकडा असा सांगतो, जणू मी भूखंड घ्यायला आलो आहे.

मला खरी चिंता आहे ती पेडल कुठे बसवायचे याची. फेजर मला ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या, आधी हवा, कारण मग तो आवाजाच्या आत मिसळून जातो. आणि कोरस नंतर हवा, कारण आधी लावला तर ओव्हरड्राइव्ह त्याच्या झुळकीचा चिखल करून टाकतो. चार वेगळी पेडल असती तर ज्याला त्याला आपापल्या जागी बसवले असते. सगळे एका पेटीत कोंबले की त्या पेटीला साखळीत एकच जागा मिळते. मोबियसमध्ये यावर उपाय आहे: जादा वायरी टाकून प्रत्येक मांडणीसाठी 'आधी' की 'नंतर' हे ठरवता येते. माझे मन त्याच्याकडे झुकते ते यामुळे. पण जादा वायरी म्हणजे जादा सांधे, आणि आपल्या कार्यक्रमांत नेमका सांधाच दगा देतो, हे तुला मी सांगायला नको.

वीज हा आणखी एक त्रास. मोबियसला नऊ व्होल्टवर किमान ३०० मिलीअँपिअर लागतात. आपण एका अडॅप्टरच्या शेपटीला सगळी पेडल लटकवायचो ते दिवस गेले; डिजिटल पेडल त्या माळेत ओवले की बाकीच्यांतून किणकिण ऐकू येते. म्हणजे वेगळा वीजपुरवठाही घेणे आले, आणि तो खर्च मी अजून हिला सांगितलेला नाही.

आता आपले जुने भांडण. फेजर आणि युनि-व्हाइब ही एकच गोष्ट आहे, असे तू मिरजेच्या स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत मला सांगत होतास, आणि गाडी सुटल्यावर खिडकीतूनही सांगत होतास. मी अजूनही तुझ्याशी सहमत नाही. १९७४ च्या एमएक्सआरच्या फेज ९० या फेजरमध्ये आवाजाची लहर सरकवणारे चार टप्पे आहेत, बटण एकच, आणि ते चारही टप्पे मिळून आवाजात दोन खाचा (दबलेल्या सुरांच्या जागा) पाडतात ज्या वरखाली सरकत राहतात. साठच्या दशकात जपानमध्ये फुमिओ मिएदा यांनी बनवलेल्या युनि-व्हाइबमध्येही टप्पे चारच. परंतु ते मुद्दाम एकमेकांशी न जुळणारे आहेत, आणि त्यांना हलवतो मधोमध धपापणारा एक बल्ब, ज्याच्याभोवती प्रकाश ओळखणारे चार सेल बसवलेले असतात. बल्ब तापायला आणि निवायला सारखा वेळ घेत नाही, म्हणून त्याचा झोका लंगडत जातो. १९६९ मध्ये वूडस्टॉकच्या संगीत महोत्सवात जिमी हेंड्रिक्सच्या गिटारमधून ऐकू येतो तो हाच लंगडा झोका. एमडी-५०० आणि मोबियस या दोन्ही पेडलमध्ये त्याची नक्कल आहे. पुण्याच्या दुकानात मी ती ऐकली आणि मला मोबियसचे लंगडणे अधिक खरे वाटले. पण ज्याला हे दोन आवाज एकच वाटतात त्याचा कान या कामी घ्यावा लागतो, हे माझे दुर्दैव.

तरीही तुझाच कान हवा आहे, आणि तो मुख्यतः कोरससाठी. मिरजेच्या वाद्य बनवणाऱ्याच्या दुकानात दोन तानपुरे केसभर वेगळे लागलेले असताना जो भरलेला आवाज तू मला ऐकवला होतास, तसा आवाज मला हवा आहे, सरबत ढवळल्यासारखा नको. रोलँडने १९७५ च्या जेसी-१२० (जॅझ कोरस) अ‍ॅम्पमध्ये हेच साधले होते: एका स्पीकरमधून सरळ आवाज, दुसऱ्यातून हललेला, आणि दोघांची भेट हवेत. पुढच्याच वर्षी तोच प्रकार बॉसच्या सीई-१ या पहिल्या पेडलमध्ये आला. भाड्याच्या जॅझ कोरससमोर तू दोन्ही स्पीकरांच्या मध्ये मांडी घालून बसला होतास आणि बॅकस्टेजवाल्याने तुला उठवले, ते मी अजून सांगत असतो.

दुकानात ही पेडल डाव्या-उजव्या स्पीकरवर ऐकवतात आणि माणूस तिथेच भुलतो. आपल्याकडे ध्वनिव्यवस्थेवाला माझ्यासाठी मिक्सरवर एकच चॅनेल देतो. हवेतली भेट तिथे संपते. दोन्ही बाजू एकत्र जोडल्या तर काही कोरसांतला अर्धा झोका एकमेकांना खाऊन टाकतो. म्हणून स्टिरिओ किती सुंदर आहे याला मी निवडीत शून्य गुण दिले आहेत. एका वायरीतून ऐकताना जो टिकेल तो घ्यायचा.

ट्रेमोलोचे मात्र दोन्हींत झकास आहे. पायाने लय ठोकली की थरथर ठेक्याला बांधली जाते. १२० च्या लयीत अर्ध्या मात्रेची थरथर म्हणजे सेकंदाला चार. दादऱ्यासाठी एका मात्रेचे तीन भाग पाडता येतात, हे ऐकून नानांनी चक्क मान डोलावली. ढोलकीवाला लय चढवतोच, तेव्हा मधूनच पुन्हा ठोकावे लागेल. बँक, म्हणजे साठवलेल्या मांडण्यांचा गट, बदलण्यासाठी दोन बटणे एकाच पायाने एकदम दाबावी लागतात, आणि नाना कार्यक्रमात कोल्हापुरी चपलांचा आग्रह धरतात. त्यावर तोडगा सुचला तर कळव.

मस्कतचे नवे घर लागले का? वहिनींना नमस्कार. चिरंजीवांच्या प्रवेशाचे पेढे मी इथूनच गृहीत धरले आहेत. डिसेंबरात येणार आहेस असे तुझ्या भावाकडून कळले, तुझ्याकडून नव्हे. त्याचा हिशेब समोरासमोर करू.

आता काम. एकच तुकडा तीन कोरसांतून वाजवून तुला पाठवत आहे: अ, ब आणि क. त्यातला एक आपला जुना भुंगा आहे, मागच्या वर्षीच्या तालमीतला. उरलेले दोन कोणते ते मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव कळले की तू किंमत विचारशील आणि स्वस्ताचा आवाज आवडून घेशील. कोणते दोन तुला एकमेकांच्या जवळचे वाटतात, एवढेच लिही. पुढच्या आठवड्यात मला पैसे भरायचे आहेत. फोन करू नकोस. फोनवर तू सगळे क्रिकेटवर नेतोस.

तुझाच,
शरद

ता. क. हेडफोन लावून ऐकू नकोस, आणि गाडीतही नको. घरातल्या एकाच स्पीकरवर, जरा लांब उभा राहून ऐक. हॉलमध्ये ते तसेच ऐकू येणार आहे.