टाकलेलं मूल आणि मागच्या बाकावरची कुजबूज

महोदय,

कचराकुंडीपाशी नवजात अर्भक सापडल्याची बातमी मुंबईला नवी नाही. सोबत नेहमीचा शेरा: 'निर्दयी माता'. मला दरवेळी बायबलमधल्या मोशेची आई आठवते. इस्राएली मुलगे जन्मताच मारण्याच्या इजिप्तच्या राजाच्या, फेरोच्या, हुकमापायी तिनेही तीन महिन्यांचं पोर डांबर फासलेल्या पेटाऱ्यात घालून नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवलं. त्याची बहीण लांबून पाहत उभी होती. तिला निर्दयी कोण म्हणेल?

आईबापांनी टाकलं तरी परमेश्वर जवळ घेतो, असं बायबलमधलं सत्ताविसावं स्तोत्र सांगतं. प्रेषित पौल तर सगळ्याच विश्वासणाऱ्यांना देवाची दत्तक लेकरं मानतो. आणि आमच्या चर्चमध्ये एका दत्तक बाळाच्या बाप्तिस्म्याला, पाणी अजून कपाळावरून ओघळत असताना, मागच्या बाकावर कुजबूज: "रक्त कुणाचं, काय ठाऊक!" (बोलणाऱ्या बाई दर रविवारी पहिल्या मिस्साला हजर.)

कायद्यानेही आम्हाला बरीच वर्षं ताटकळवलं. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शिखांपुरता. ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळे. बाल न्याय कायदा आणि त्याची २००६ ची दुरुस्ती आली, तेव्हा ती अडचण सुटली. २०१५ च्या नव्या बाल न्याय कायद्यानुसार मूल बाल कल्याण समितीकडे सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. हे किती जणींना माहीत असतं? चर्चच्या फलकावर लग्नाच्या घोषणांशेजारी एवढी माहिती आणि १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक लावायला काय हरकत आहे?

– एक वाचक, वांद्रे