पोतोसीहून

पोतोसी, बोलिव्हिया
आषाढी एकादशी

प्रिय मित्रा,

एकट्यानं फिरायचा कंटाळा येत नाही का, असं तू निघताना विचारलं होतंस. अरे, इथे कंटाळायलासुद्धा दम पुरत नाही! हे गाव 4,090 मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ अडीच कळसूबाया एकावर एक. मुंबईच्या मानाने हवेतला प्राणवायू जेमतेम साठ टक्के. पहिल्या रात्री डोकं असं ठणकलं की उठून पाणी घ्यायचीही हिंमत होईना. तेव्हा मात्र तुझा प्रश्न आठवला. सकाळी घरमालकिणीनं काही न विचारता कोकाच्या पानांचा चहा पुढे ठेवला. त्यानं बरं वाटलं की नुसता वेळ गेल्यामुळे, देव जाणे. एकटं असण्याचा फायदा असा, की चढावर दहा-वीस पावलांनी थांबलं तरी कुणी घड्याळ बघत नाही.

गावाच्या डोक्यावर सेर्रो रिको हा लालसर, पोखरलेला डोंगर आहे. 1545 मध्ये इथे चांदी सापडली आणि स्पेनचं साम्राज्य तिच्यावर पोसलं. लांबलांबच्या गावांतले आदिवासी पाळीपाळीनं, सक्तीनं खाणीत जुंपले जात. आजही कामगार आत जातात. जस्त, कथील, उरलीसुरली चांदी काढतात. पर्यटकांनाही नेतात. जाताना बाजारातून कामगारांसाठी कोका, सरबत आणि चक्क डायनामाइटच्या कांड्या भेट म्हणून घ्यायच्या. मी गेलो नाही. धुळीनं फुप्फुसं खराब होणाऱ्या माणसाचं काम तिकीट काढून बघणं मला जमेना. सोबत कुणी असतं तर भिडेखातर गेलो असतो, हेही खरं. जुनी टांकसाळ मात्र बघितली. चांदीच्या पट्ट्या दाबायची अवाढव्य लाकडी चक्रं आहेत तिथे, खेचरांनी फिरवायची.

पण तुला सांगायचंय ते बटाट्याबद्दल. बाजारात काळ्या, सुरकुतलेल्या, दगडासारख्या टणक गोळ्यांचे ढीग दिसतात. तो चुन्यो. जून-जुलैच्या कडाक्यात लहान बटाटे रात्री उघड्या माळावर पसरतात. ते गोठतात, दिवसा उन्हात पुन्हा मऊ पडतात. असं काही दिवस झालं की अनवाणी तुडवून पाणी आणि सालं काढायची, मग वाळवायचे. कडवट जातींचा कडवटपणाही त्यात जातो. वजन घटतं आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. खाणीतल्या मजुरांचं पोट याच्यावर चाले, आणि नुसता चुन्यो इथवर आणून विकणारे स्पॅनिश लोकही गबर झाले. माझं विचारशील तर या पठाराची खरी करामत चांदी नव्हे, ही आहे. विकणाऱ्या बाईनं मोजून दिल्यावर वर एक मूठ घातली, आपली भाजीवाली कोथिंबीर टाकते तशी.

आज एकादशी, हे आईच्या मेसेजमुळे कळलं. फराळाचा विचार करायला लागलो आणि हसूच आलं. बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळं या खंडातलं. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही इथलाच. ज्ञानोबा-नामदेवांच्या काळात पंढरपुरात बटाटा, दाणे, मिरची असणं शक्यच नव्हतं! तेव्हा उपास इथेच जास्त सोपा, असं ठरवून खानावळीत शेंगदाण्याचं सूप मागवलं. त्यात मांसाचा तुकडा. ‘मांस नको’ म्हटल्यावर बाईंनी तो चमच्यानं काढला आणि तेच सूप परत पुढे ठेवलं. शेवटी भिजवून उकडलेला चुन्यो खाल्ला, पाट्यावर वाटलेल्या मिरची-टोमॅटोच्या ठेच्याबरोबर. चव मातकट, किंचित आंबूस. दुसऱ्या घासाला बरी लागते. टोमॅटो उपासाला चालतो का, हे आईला विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस.

उद्या उयुनीची बस धरतोय. दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं मिठाचं मैदान आहे तिथे. तू आलास तर आधी सुक्रेला चार दिवस राहा, ते बरंच खाली आहे, मग इकडे चढ. आणि थर्मल कपडे आण. रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. माझे अपुरे पडताहेत.

काकूंना नमस्कार.

तुझा,
भटक्या