बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत ना, की इंग्रजी तुझी मातृभाषा नाही तर तू त्या परदेशी मुलांना काय शिकवणार. तेव्हा हसण्यावारी नेलं पण नंतर डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून लिहितेय.

खरं सांगू का, शिकवणं असं फार नसतंच, मुख्य काम म्हणजे समोरच्याला बोलतं करणं आणि आपण गप्प बसणं, आणि तुम्हाला माहितीये मला गप्प बसणं किती जमतं ते! पण प्रश्न विचारल्यावर समोरचा आधी मनात त्याच्या भाषेत वाक्य जुळवतो, मग इंग्रजीत आणतो, त्याला वेळ लागतो, आणि आपण घाईने शब्द पुरवला की तो नुसती मान डोलावतो आणि विषय संपला. "समजलं का?" हेही मी विचारत नाही, कारण उत्तर कायम येसच येतं. त्याऐवजी म्हणते, आता तू मला समजावून सांग. मग कळतं खरं काय ते.

प्रत्येकाची अडचण वेगळी. अरबी बोलणाऱ्यांना प जड जातो, त्यांच्या भाषेत तो आवाजच नाही त्यामुळे पार्कचा बार्क होतो. जपानी मुलांना र आणि ल वेगळे ऐकूच येत नाहीत पटकन, स्पॅनिशवाले स्कूलला एस्कूल म्हणतात, आणि चिनी भाषेत काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही म्हणून यस्टरडे आय गो. ही काही ढ मुलं नाहीत हो, आपापल्या विषयात एकदम हुशार आहेत, एवढंच की इंग्रजीत बोलताना त्यांची हुशारी दिसत नाही, आणि लोक त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने आणि तुटक बोलतात. त्याचा मला भयंकर राग येतो.

आणि मातृभाषेचं म्हणाल तर नामाआधी अ (a) आणि द (the) कुठे लावायचं हे जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला आपोआप येतं पण का ते विचारलं की बहुतेक जण अडखळतात. मराठीत ते नाहीच, चिनी, जपानी, कोरियन, रशियनमध्येही नाही, मी नियम घोकून शिकलेय, त्यामुळे त्यांचं घोडं कुठे अडतंय ते मला लगेच कळतं.

काहींना आयेल्ट्स (IELTS) द्यायची असते, म्हणजे परदेशात शिकायला वगैरे लागते ती इंग्रजीची परीक्षा. त्यात बोलण्याची परीक्षा असते ११ ते १४ मिनिटांची, मधे एक कार्ड देतात, १ मिनिट विचार करायला आणि मग जास्तीत जास्त २ मिनिटं सलग बोलायचं. मुलं उत्तरं पाठ करून येतात, आणि पाठ केलेलं लगेच ओळखू येतं, आवाजच सपाट होतो. उच्चारांना मार्क असतात पण आपला हेल आहे म्हणून मार्क कापत नाहीत, बोलणं समजलं पाहिजे एवढंच. हे सांगितलं की निम्मी भीती जाते.

चुका मी मधे काढत नाही. वहीत लिहून ठेवते, शेवटी दोन-तीनच सांगते, सगळ्या सांगितल्या तर पुढच्या वेळी तोंडच उघडणार नाहीत.

आता मुद्द्याचं. बाबा, त्यांना वेगवेगळ्या माणसांचं इंग्रजी ऐकायची सवय हवीये, आणि तुमचं इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ आहे. एका मुलाला मी विचारून ठेवलंय, रविवारी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोलाल का त्याच्याशी? तो लाजतो, पण बुद्धिबळाचा विषय काढला की सुटतो. आई, तूही बस बाजूला, तुझं इंग्रजी तू म्हणतेस तेवढं वाईट नाहीये. फक्त बाबा, त्याचं व्याकरण मधेच सुधारायचं नाही हं! वही घेऊन बसा हवं तर.

औषधं वेळेवर घ्या दोघांनी.

तुमची लेक