किनाऱ्यासाठी विकलेला तंबू आणि किनाऱ्यावर वापरला म्हणून नाकारलेली वॉरंटी

सातारा
दिनांक : 20 जानेवारी 2025

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : एका व्यक्तीसाठीच्या तंबूतील दोष, जुना माल नवा म्हणून विकणे आणि वॉरंटी नाकारणे यांबाबत.

महोदय,

दसऱ्याच्या सवलतीत, म्हणजे 12 ऑक्टोबर 2024 रोजी, मी आपल्या संकेतस्थळावरून एका व्यक्तीसाठीचा तंबू 11,499 रुपयांना विकत घेतला. रेवसपासून रेडीपर्यंतचा कोकण किनारा एकटीने, पाठीवर बिऱ्हाड घेऊन पायी चालायचे, असे माझ्या मनात दोन वर्षे घोळत होते आणि त्या बिऱ्हाडातला सर्वांत महाग जिन्नस हा तंबूच होता. 2 डिसेंबरला रेवसहून निघालेली मी 12 डिसेंबरला हर्णैला पोहोचले आणि तिथूनच एस.टी.ने घरी परतले. पाय ठणठणीत होते, पाठीची काही तक्रार नव्हती. परतावे लागले ते केवळ तंबूमुळे. याबाबत मी आपल्याला तीन वेळा ई-मेल पाठवला. 9 जानेवारीला आलेल्या आपल्या शेवटच्या उत्तरात, समुद्रकिनाऱ्यासारख्या खाऱ्या व वाळूच्या वातावरणात केलेला वापर हा ‘अयोग्य वापर’ असल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही, असे कळवण्यात आले आहे. हे पत्र मुख्यतः त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे.

ज्या खोक्यातून हा तंबू माझ्याकडे आला ते खोके मी जपून ठेवले आहे. त्याच्या दर्शनी बाजूवर हाच तंबू, याच रंगाचा, ओल्या वाळूवर लाटांपासून जेमतेम दहा पावलांवर उभा आहे. मागे माड आहेत आणि समोर एक तरुण जोडपे गिटार घेऊन बसले आहे. (एका माणसाच्या तंबूपुढे दोघे कसे, हा प्रश्न मी आपल्याला विचारणार नाही.) आपल्या संकेतस्थळावरही या तंबूच्या वर्णनात डोंगर, जंगल आणि समुद्रकिनारा असे तिन्ही शब्द होते, आणि ते पान मी खरेदीच्या दिवशीच साठवून ठेवले आहे. वॉरंटीच्या कार्डावर मात्र समुद्र, मीठ किंवा वाळू यांचा उल्लेखही नाही. ही अट मला पहिल्यांदा दिसली ती थेट आपल्या उत्तरात.

आता दोषांबद्दल. 16 ऑक्टोबरला पार्सल आले तेव्हा तंबूची घडी उलगडताना बाहेरच्या आच्छादनाचे कापड चरचर आवाज करत सुटे झाले, जणू आतून कुणी पातळ खळ लावून ते घडी घातले होते, आणि त्याला आंबलेल्या दुधासारखा वास होता. दोनच दिवसांनी मी आपल्या मदत क्रमांकावर फोन केला. नव्या मालाला असा वास येतोच, दोन दिवस उन्हात टाका, असे मला सांगण्यात आले, आणि मी ते मानले. ही माझी चूक झाली, कारण परत करण्याची दहा दिवसांची मुदत त्यातच गेली. पाणी अडवण्यासाठी कापडाच्या आतल्या बाजूला दिलेला पॉलियुरेथेनचा थर दमट, उष्ण गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिला की हवेतल्या ओलाव्याने विघटित होतो. आधी तो चिकट होतो, मग त्याला आंबूस वास येतो आणि शेवटी त्याचे पापुद्रे सुटतात. ही माहिती मला नंतर झाली. तंबू बनवणाऱ्यांना ती आधीपासून असणार.

पापुद्रे सुटायला चौथ्या दिवशी, मुरूडला, सुरुवात झाली. सकाळी स्लीपिंग बॅगवर पांढरट भुकटी पडलेली असे आणि ती केसांतही जाई. वेळासला कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम सुरू होण्याचे दिवस असल्यामुळे मी किनाऱ्यावर न राहता एका घराच्या अंगणात तंबू लावला होता, तिथल्या काकूंनी सकाळी चहा देताना माझ्या डोक्याकडे पाहून, “ताई, काल रात्री भिंतीला चुना लावत होतात काय?” असे विचारले. त्यांनी थट्टेने विचारले होते, पण त्या चुन्यासारख्या भुकटीचे मोल आपल्या दरपत्रकाप्रमाणे 3000 मिलिमीटर आहे, म्हणजे तीन मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब हे कापड झेलते असा आपला दावा आहे. तीन मीटर राहू द्या, त्या कापडातून दव आत येत होते. आपल्या दुसऱ्या उत्तरात हे पाणी माझ्याच श्वासाच्या वाफेचे, आतल्या आत थंड होऊन साचलेले असावे असे सुचवले आहे. मी 51 वर्षांची असून पंचवीस वर्षे सह्याद्रीत हिंडते आहे, त्यामुळे बंद तंबूत श्वासाची वाफ आच्छादनाला आतून धरते हे मला ठाऊक आहे; ती सगळ्या कापडावर सारखी धरते. माझ्या तंबूत पाणी शिवणीच्या रेषेने, जिथे जिथे शिवण झाकणारी पट्टी उचकटली होती तिथून, ओळीने टपकत होते. घरी परतल्यावर मी आच्छादन चार खुर्च्यांच्या पाठींना बांधले, मधल्या झोळीत एक तांब्या पाणी ओतले आणि खाली वर्तमानपत्र पसरले. दोन मिनिटांच्या आत कागद भिजला. त्याचे चित्रीकरण सोबत जोडले आहे.

दाराच्या चेनची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि ती मी जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या उत्तरांत तिचा उल्लेख ‘किरकोळ झीज’ असा आला आहे. वाळूत चेन बिघडते हे गृहीत धरूनच मी सोबत जुना टूथब्रश आणि मेणबत्तीचा तुकडा नेला होता. रोज संध्याकाळी चेनचे दात घासून साफ करायचे आणि त्यावर मेण फिरवायचे हा माझा नेम होता. तरीही तिसऱ्या दिवशी, काशीदला, स्लायडर पुढे जाई आणि मागचे दात उघडेच राहत. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुरूडच्या एका सायकल दुरुस्तीवाल्याने पकडीने स्लायडर आवळून दिला आणि पैसे घ्यायला नकार दिला. हा धातू फार मऊ आहे, दोन-तीन दिवस चालेल, असे त्याने तेव्हाच सांगितले होते. तो तीन दिवस चालला. तक्रार एवढ्या आपुलकीने हाताळणारा आणि मुदत इतकी नेमकी सांगणारा माणूस मला या सगळ्या व्यवहारात तो एकच भेटला.

सहाव्या दिवशी, 7 डिसेंबरला, मी आगरदांड्याहून फेरीबोटीने आदल्या दिवशी ओलांडलेली दिघीची खाडी मागे टाकून दिवेआगरला मुक्काम केला. एका वाडीच्या मालकांना विचारून, त्यांनी दाखवलेल्या जागी, सुरूच्या बनाच्या आतल्या अंगाला तंबू लावला. रात्री साडेदहाच्या सुमारास चेनचा स्लायडर पूर्ण फाकून माझ्या हातात आला. एकट्या बाईच्या तंबूला दार नसणे म्हणजे काय, हे मी आपल्याला समजावून सांगायला हवे असे नाही. बांगडीत अडकवलेल्या पाच, सॅकमधल्या चार आणि साडीच्या पिशवीतल्या दोन अशा अकरा सेफ्टी पिना मी त्या दाराला लावल्या, आतून सॅक टेकवून ठेवली आणि विजेरी हातात धरून पडून राहिले. पहाटे एका कुत्र्याने दोन पिनांच्या मधून नाक आत घातले. ते निरुपद्रवी कुत्रे होते, वास घेऊन निघून गेले. परंतु त्यानंतरच्या पाच रात्री मी किनाऱ्यावर कुठेही उघड्यावर राहिले नाही. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी आणि हर्णै येथे खोली घेतली आणि वेळासला अंगणात, घरातल्या माणसांच्या भरवशावर झोपले. चालण्याची जी आखणी मी केली होती ती तंबू सोबत आहे या हिशेबाने केली होती. खोली मिळेल त्याच गावी थांबायचे तर दिवसाचे टप्पे मोडतात, आणि खर्चाचे अंदाजपत्रकही.

आपल्या शेवटच्या उत्तरात तंबूचा ‘समुद्राच्या पाण्याशी थेट संपर्क’ आला असल्याचेही म्हटले आहे. हे आपण कशाच्या आधारे ठरवलेत ते समजत नाही, कारण तंबू तपासायला कुणी आलेले नाही आणि आपण तो मागवूनही घेतलेला नाही. किनाऱ्याने चालणारा माणूस भरती-ओहोटीचा हिशेब केल्याशिवाय पाऊलही टाकत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण हाती येते, हे कोकणातले जुने गणित आहे. 7 डिसेंबरला चंपाषष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे दुपारी साडेचारच्या आणि पुढच्या पहाटे पाचच्या सुमारास भरती. शिवाय अष्टमीच्या जवळचे ते दिवस भांगाचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखे पाणी तेव्हा वर चढत नाही. पाणी पुळणीवरच्या शेवटच्या ओल्या रेषेपर्यंत येऊन परत गेले आणि माझा तंबू त्या रेषेच्या वर, बनाच्या पलीकडे होता. खारे पाणी त्याला कधी लागले असेल तर ते माझ्या ओल्या चपलांचेच.

वजनाबद्दल थोडक्यात लिहिते. संकेतस्थळावर तंबूचे वजन 1.9 किलो दिले आहे. हर्णैला एका किराणा दुकानातल्या काट्यावर, कोरडा आणि मेखांसह पिशवीत भरलेला, तो 2.42 किलो भरला. अर्धा किलो ही कागदावर लहान गोष्ट आहे. अकरा दिवस खांद्यावर ती तशी राहत नाही.

ज्या गोष्टीमुळे हे पत्र साधी तक्रार राहत नाही ती आता सांगते. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि छापील किंमत दाखवणारी चिठ्ठी आहे; तीवर ‘ऑगस्ट 2024’ असे आहे. प्रवासाहून परतल्यावर, आपल्याला पाठवायची छायाचित्रे काढताना, त्या चिठ्ठीचा एक कोपरा उचललेला दिसला. खाली दुसरी चिठ्ठी आहे आणि तीवर ‘मार्च 2018’ असे छापले आहे. म्हणजे मला मिळालेला तंबू विक्रीच्या वेळी साडेसहा वर्षांचा होता. वास, चिकटपणा आणि पापुद्रे या तिन्हींचा उलगडा त्या एका कोपऱ्यात होतो. बंद वेष्टनातील वस्तूंवर उत्पादनाचा महिना व वर्ष छापणे 2011 च्या वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार बंधनकारक आहे आणि ते चिठ्ठी चिकटवून बदलता येत नाही. दोन्ही चिठ्ठ्यांची छायाचित्रे सोबत आहेत. खोके मी उघडलेल्या अवस्थेत तसेच ठेवले आहे आणि कोपरा त्यापुढे उचललेला नाही.

माझे म्हणणे असे आहे. तंबूची पूर्ण किंमत, 11,499 रुपये, मला परत मिळावी. दिवेआगरनंतर घेतलेल्या चार खोल्यांचे 4,600 रुपये, ज्यांच्या पावत्या जोडल्या आहेत, तेही मिळावेत. ‘मार्च 2018’वर ‘ऑगस्ट 2024’ कुणी आणि का चिकटवले याचे उत्तर मला लेखी, मराठीत आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने हवे आहे. आजवरची तिन्ही उत्तरे इंग्रजीत, निनावी आणि जवळजवळ एकाच मजकुराची होती. खोक्यावरचे चित्र आपण बदलणार की वॉरंटीची अट बदलणार, हेही कृपया कळवावे, कारण दोन्ही एकत्र राहू शकत नाहीत.

हे पत्र मिळाल्यापासून 21 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. आपल्या अटींमध्ये वाद फक्त आपल्या शहरातल्या न्यायालयात चालेल असे लिहिले आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला तो स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. चिठ्ठ्यांचा विषय मी वैधमापन कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवते आहे.

तंबू माझ्या गच्चीवरच्या खोलीत, पापुद्र्यांसह आणि अकरा पिनांसह, जसाच्या तसा आहे. तपासायला माणूस पाठवायचा असल्यास रविवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी पाठवावा. हर्णैपासून पुढचा किनारा मला होळीच्या आधी, ऊन चढण्यापूर्वी चालायचा आहे, दाभोळ आणि जयगडच्या फेरीबोटी अजून माझ्या वाट्याच्या आहेत. तेव्हा दुसरा तंबू घेण्यासाठी ही रक्कम फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत खात्यात जमा व्हावी, ही विनंती.

कळावे,
आपली ग्राहक
(स्वाक्षरी)

सोबत : खरेदीचे बिल, संकेतस्थळाच्या पानाची प्रत, दोन्ही चिठ्ठ्यांची आणि चेनची छायाचित्रे, पाण्याच्या चाचणीचे चित्रीकरण, खोल्यांच्या पावत्या, आपल्या तीन उत्तरांच्या प्रती.